नऊ आकडी नंबर

रविता रहांगडालेला तहसील कार्यालयात सगळे ‘ऑपरेटर मॅडम’ म्हणायचे. तिची खुर्ची खिडकीपाशी होती, पण खिडकीला कूलर बसवलेला असल्यामुळे बाहेरचं काही दिसायचं नाही. डी.एड. करून तिने चार वर्षं शिक्षक भरतीची वाट पाहिली. भरती निघाली नाही. वडील, भैय्यालाल, होते तोवर म्हणायचे, “लागंल बाई, सरकार किती दिवस थांबवंल.” ते गेल्यावर तिने वाट पाहणं सोडलं, मराठी टायपिंगची परीक्षा दिली आणि कंत्राटावर ऑपरेटर म्हणून लागली. आई सावित्रीबाईला घेऊन ती तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत राहायला आली. दरवर्षी मार्च आला की कंत्राट वाढतं की नाही, या काळजीत पंधरा दिवस जायचे. मग ते वाढायचं.

तिचा हात फार जलद होता. साहेब बोलत असतानाच पत्र तयार व्हायचं. म्हणून लागल्या लागल्या पहिल्याच मे महिन्यात नायब तहसीलदारांनी तिच्यापुढे एक जाड, स्पायरल बांधलेलं पुस्तक ठेवलं. ‘तालुका आपत्ती व्यवस्थापन आराखडा’. गोंदिया जिल्ह्यात पावसाळ्याआधी प्रत्येक तालुक्याला तो करावा लागतो. पूर आला, वीज पडली, घर कोसळलं तर कोणी काय करायचं, कोणाला फोन लावायचा, दोर कुठे, बोट कुठे, सगळं त्यात.

“तेच घे,” साहेब म्हणाले. “साल बदल, प्रस्तावनेत नवीन साहेबांचं नाव टाक. परवा गोंदियाला पाठवायचाय.”

तिने जुनी फाइल उघडली, तर ती जुन्या फॉन्टमध्ये होती आणि नव्या कम्प्युटरवर सगळी अक्षरं चौकोन-चौकोन होऊन बसली होती. मग तिने छापील प्रत शेजारी ठेवून दीडशे पानं दोन दिवसांत पुन्हा टाइप केली. त्यात परिशिष्ट सात होतं, पट्टीचे पोहणारे आणि डोंगेवाले, म्हणजे छोटी लाकडी होडी चालवणारे. एकूण दोनशे बारा नावं, दोनशे बारा मोबाइल नंबर. ते तिने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केले. डोळे चुरचुरत होते. तपासायला कोणी नव्हतं. साहेबांनी पहिल्या पानावर आणि शेवटच्या पानावर सही केली आणि आराखडा गेला.

पुढची चार वर्षं ती फक्त साल बदलत गेली. एकदा, तिसऱ्या वर्षी, तिला वाटलं की निदान एकदा विचारून घ्यावं. तिने सगळ्या तलाठ्यांना पत्र काढलं, आपल्या साझ्यातील यादी तपासून कळवावी. बावीस तलाठ्यांपैकी तिघांची उत्तरं आली. तिघांनीही लिहिलं होतं, ‘बदल निरंक.’ त्या तिघांतल्या एकाकडे पाच गावं होती आणि शिवाय निवडणुकीचं काम होतं. रविताला हे माहीत होतं. तिने पुन्हा पत्र काढलं नाही.

मग पाचव्या वर्षीचा सप्टेंबर आला.

तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. धानाची शेतं कुठे संपतात आणि नाला कुठे सुरू होतो, ते कळेना. तहसीलदार एका पुलावर अडकले होते, नायब तहसीलदार दुसऱ्या गावातली माणसं शाळेत हलवत होते. ऑफिसात रविता आणि एक म्हातारा शिपाई. नियंत्रण कक्ष म्हणजे रविताच्याच टेबलाला लावलेलं दुसरं टेबल, त्यावर एक लँडलाइन आणि एक रजिस्टर. पावसाळ्यात तिथे तलाठी पाळीपाळीने बसायचे. त्या दिवशी एकही तलाठी ऑफिसात पोचू शकला नव्हता.

सकाळी नऊ चाळीसला फोन वाजला.

“मॅडम, आमी पिपरघाटचे. मी रुख्मा बोलून राहिली. आमी सात जन मोटारखोलीच्या स्लॅबवर आहो. चारी बाजूने पानी आहे.”

आवाज घाबरलेला होता, पण बाई नीट सांगत होती. नाल्यापलीकडे त्यांचं शेत. मोटार काढायला आणि गोठ्यातली जनावरं सोडायला सकाळीच सगळे गेले. ती, नवरा, दीर, सासू धुरपताबाई, दहावीतली मुलगी प्रेरणा आणि मदतीला आलेल्या शेजारच्या दोघी बाया. जनावरं सोडली तेवढ्यात मागून पाणी आलं. चढायला मोटारखोलीच होती.

“पाणी किती खाली आहे?” रविताने विचारलं.

“स्लॅबच्या खाली माझी एक कमर असंल.”

रविताने रजिस्टरमध्ये लिहिलं आणि जिल्ह्याच्या कक्षाला फोन लावला. तिकडचा माणूस वैतागलेला नव्हता, नुसता थकलेला होता. “दोन बोटी आहेत मॅडम, दोन्ही पाण्यात आहेत. एक मोकळी झाली की पाठवतो. पण रस्ता बंद आहे, फेरा पडेल. दुपारचे तीन-चार धरा.”

“तोवर काय करू?”

“लोकल पोहणारे बघा ना. तुमच्या आराखड्यात यादी आहे.”

तिने यादी काढली. पिपरघाट परिसर, सहा नावं.

पहिला नंबर अस्तित्वात नव्हता. दुसरा एका लहान पोरीने उचलला आणि “पप्पा शाळेत आहेत,” म्हणाली. पप्पा देवरीला शिक्षक होते आणि त्यांनी हा नंबर दोन वर्षांपूर्वी घेतला होता. तिसरा एका बाईने उचलला. रविताने नाव सांगितलं. बाई म्हणाली, “ते तर माझे सासरे होत. त्यांले जाऊन चार वर्षं झाली. तुमी कोन?” चौथा सुरतेच्या कापड गिरणीतून बोलला. मागे यंत्रांची घरघर चालू होती. “मॅडम, मी असतो तर आलो असतो,” तो म्हणाला, आणि तो खरंच आला असता असं त्याच्या आवाजावरून वाटलं.

तेवढ्यात पिपरघाटच्या पोलीस पाटलाचा फोन आला. गावात दोन दिवसांपासून लाइट नव्हती, त्याची बॅटरी संपत आली होती. तो घाईघाईने बोलला. “मॅडम, पलीकडे, शेताच्या वरच्या अंगाले दीड किलोमीटरवर मासोळ्या मारनाऱ्या ढिवर लोकांची टोली आहे. तिथं भुपेंद्र शेंडे म्हनून आहे, त्याचा डोंगा आहे. मी इकडून जाऊ नाही शकत, पूल पान्यात आहे. माझ्यापाशी त्याचा नंबर नाही. तुमच्या यादीत असंल, त्याले लावा—” आणि फोन बंद पडला.

पाचवं नाव भुपेंद्र शेंडेच होतं. रविताला एकदम हायसं वाटलं. तिने नंबर लावला. ‘कृपया डायल केलेला क्रमांक तपासा.’ तिने पुन्हा लावला. मग तिने कागदावर बोट ठेवून आकडे मोजले.

नऊ होते.

तिने पुन्हा मोजले. शिपायाला मोजायला सांगितले. त्याने चष्मा लावून, ओठ हलवत मोजले आणि तिच्याकडे पाहिलं. पाच वर्षांत, पाच आराखड्यांत, प्रत्येकाच्या चौदा प्रतींत तो नंबर नऊ आकडी छापला गेला होता, जिल्ह्याला गेला होता, ठाण्यात आणि पंचायत समितीत कपाटात बसला होता. कोणी मोजला नव्हता.

त्या साझ्याच्या तलाठ्याचा फोन लागेना. जुनी छापील प्रत, जिच्यावरून तिने टाइप केलं होतं, ती शोधायला ती कपाटाकडे धावली. शिपाई मागून म्हणाला, “रंगकाम झालं ना मॅडम, तवा जुनं सगळं रद्दीत गेलं.”

मग तिने नंबरच्या शेवटी एक-एक आकडा जोडून पाहायला सुरुवात केली. शून्य जोडलं, बंद. एक जोडला, कोणीतरी हिंदीत म्हणालं, “रॉंग नंबर है.” दोन जोडला, वाजत राहिला, कोणी उचलला नाही. तो असेल का? पुन्हा लावला. पुन्हा नाही. तीन. चार. पाच जोडल्यावर एका म्हाताऱ्याने उचललं आणि तो त्याच्या रेशन कार्डाबद्दल सांगू लागला. सहा म्हणून तिने घाईत नऊ दाबला, मग पुन्हा सहा लावला. दहाही आकडे झाले. मग तिच्या ध्यानात आलं, राहिलेला आकडा शेवटचाच असेल असं थोडंच आहे, तो कुठलाही असू शकतो.

लँडलाइन वाजली.

“मॅडम, बोट निघाली का?”

“निघाली,” रविता म्हणाली.

ते तिच्या तोंडून निघून गेलं. तिने ठरवलं नव्हतं.

“किती वेळ लागंल?”

“अर्धा तास. बॅटरी वाचवा ताई. अर्ध्या तासाने लावा.”

“पानी आता गुडघाभर खाली आहे. सासूले चक्कर येऊन राहिली. प्रेरणाने तिचं डोकं मांडीवर घेतलंय.” मग रुख्माने फोन दूर धरून सगळ्यांना ओरडून सांगितलेलं रविताला ऐकू आलं. “निघाली बोट! अर्धा तास!”

सहावा नंबर चैनलाल मेश्रामचा. तो पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“माझं वय सत्तर आहे बाई,” चैनलाल म्हणाला. “गुडघे गेले. डोंगा सडून त्याच्यात कोंबड्या बसतात. काऊन, कोन अडकलं?” रविताने सांगितलं. सांगताना तिला रडू फुटलं. म्हातारा तिच्यावर डाफरला. “रडू नको. आयक. माझा भाचा चंद्रकुमार तिरोड्याकडे बोदलकशाच्या तलावात मासोळ्या मारतो. त्याचा डोंगा नवा आहे. मी त्याले लावतो, तू ट्रॅक्टर पाहा. डोंगा ट्रॉलीत टाकून आनावा लागंल.”

ट्रॅक्टर मिळायला पाऊण तास गेला. बोदलकशाहून निघाल्यावर एका ठिकाणी रस्त्यावर झाड पडलं होतं. चंद्रकुमार आणि ट्रॅक्टरवाल्याने ते कुऱ्हाडीने तोडलं. त्यात आणखी एक तास गेला.

रुख्माचा फोन सव्वा अकराला आला, पावणेबाराला आला, साडेबाराला आला. प्रत्येक वेळी रविताने वेळ सांगितली आणि प्रत्येक वेळी ती कमी करून सांगितली. शेवटी शेवटी रुख्मा विचारायचीही नाही. “आमी आहो,” एवढंच सांगायची, आणि ठेवायची. एकदा प्रेरणा बोलली. “मॅडम, हेलिकॉप्टर नाही येऊ शकत का?” रविताने पाऊस आहे म्हणून सांगितलं. “हो, तेही आहे,” पोरगी समजूतदारपणे म्हणाली.

एक पन्नासला फोन वाजला. रविताने उचलला. कोणी बोललं नाही. आधी पाण्याचा मोठा आवाज, मग कोणीतरी “धर, धर,” म्हणत होतं, पुरुषाचा आवाज होता. मग काहीच नाही. रविता “हॅलो ताई, हॅलो,” करत राहिली. शिपायाने तिच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि जागेवर ठेवला.

चंद्रकुमार अडीचला पोचला. मोटारखोलीच्या मातीत बांधलेल्या भिंती भिजून बसल्या होत्या. चौघं जवळच्या मोहाच्या झाडाला धरून होते, रुख्माचा नवरा, प्रेरणा आणि शेजारच्या दोघी. त्याने दोन खेपांत चौघांनाही काढलं. रुख्मा, धुरपताबाई आणि दीर तिसऱ्या दिवशी, पाणी उतरल्यावर, धानात सापडले. जिल्ह्याची बोट पावणेचारला आली. तिच्यावरच्या माणसांनी आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. त्यांनी रिकाम्या पाण्यात तीन फेऱ्या मारल्या.

आठवड्याने वर अहवाल गेला. तो रविताने टाइप केला. ‘आराखड्यानुसार तात्काळ कार्यवाही करण्यात आली,’ नायब तहसीलदार सांगत होते. तिची बोटं थांबली.

“साहेब, भुपेंद्र शेंडेचा नंबर नऊ आकडी होता. माझ्याकडून एक आकडा सुटला होता.”

साहेबांनी उठून दार लावलं. ते वाईट माणूस नव्हते. पुरात तीन दिवस त्यांनी पायातले बूट काढले नव्हते. “हे पुन्हा बोलू नको,” ते म्हणाले. “त्याच्यावर माझीही सही आहे. मले तीन टेबलं आहेत रविता. संजय गांधी निराधार योजनेचं, पुरवठ्याचं आणि हे. मी एक तरी पान वाचलं असंल असं वाटते तुले?” मग हळूच, “तुझ्या एका आकड्याने नाही गेले ते. बोट असती तर गेले नसते. माणसं असती तर गेले नसते.”

ते खरंही होतं. पण त्याने रविताच्या मनावरचं ओझं हललं नाही. चौकशीला कोणी आलं नाही. तिला वाटत होतं, कोणीतरी यावं, विचारावं, नोटीस द्यावी. ती जेवायला बसायची आणि ताट तसंच सारायची. सावित्रीबाई म्हणायची, “काऊन वं, का झालं तुले? तू तर ऑफिसात होती ना, पान्यात थोडी होती.”

तेराव्या दिवशी ती स्कूटी घेऊन भुपेंद्रच्या टोलीत गेली. रस्त्यात गाळ होता, शेवटचा तुकडा पायी गेली. तिशीतला, रुंद खांद्यांचा माणूस ओसरीत जाळं शिवत बसला होता. तहसीलमधून आल्या म्हटल्यावर त्याने खुर्ची काढून दिली. त्याची बायको हर्षा पाणी घेऊन आली.

“तुमचा मोबाइल नंबर सांगता का? यादी तपासून राहिले.”

त्याने सांगितला. तिने लिहिला. मधोमध दोन सात लागून होते. तिने एकच टाइप केला होता.

“हाच नंबर आहे पहिल्यापासून?”

“दहा वर्षं झाली. बदलला नाही कधी.” मग तो आपणहून बोलू लागला. “त्या दिवशी मी घरीच होतो मॅडम. दिवसभर इथंच, पान्याकडे पाहून राहिलो होतो. डोंगा वर ओढून बांधला होता. खाली माणसं अडकली हे मले संध्याकाळी समजलं. कोनी सांगितलंच नाही. इथून डोंगा सोडला असता तर पंधरा मिनिटांत धारेने तिथं लागलो असतो.”

रविताने तेव्हा सांगितलं. सगळं, टायपिंगपासून. दहा आकडे जोडून पाहिले तेही. ती बोलत होती तोवर त्याच्या हातातली सुई थांबलेली होती. हर्षा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

ती शिव्या ऐकायच्या तयारीने आली होती. भुपेंद्रने सुई जाळ्यात खोचली आणि विचारलं, “हे मले काऊन सांगितलं तुमी?”

तिने नंबर लिहिलेला कागद घडी करून मुठीत धरला.

“मले वाटून राहिलं होतं, नशिबाची गोष्ट आहे. कोनाले मालूमच नव्हतं मी इथं आहो. आता तुमी सांगून राहिल्या का मालूम होतं, कागदावर नाव होतं.” त्याने जाळं बाजूला ठेवलं. “आता मी त्या पान्यात डोंगा कसा घालू? तुमी सांगून मोकळ्या झाल्या. जा आता.”

ती मोकळी झाली नव्हती, पण ते सांगण्याचा हक्क आपल्याला नाही, एवढं तिला समजलं. ती उठली. गाळातून चालताना तिची एक चप्पल रुतून तुटली. ती दोन्ही चपला हातात घेऊन अनवाणी स्कूटीपर्यंत आली.

त्यानंतर तिने दोनशे बारा नंबर एक-एक करून लावले. ऑफिस सुटल्यावर आणि रविवारी. एकोणऐंशी चुकीचे निघाले. एकतीस माणसं हयात नव्हती. जिथे फोन लागत नव्हता तिथे ती स्वतः गेली. सडक अर्जुनीच्या एका ढाब्यावर तिला यादीतला एक पोहणारा भांडी घासताना भेटला. त्याचं नाव सरकारी कागदावर आहे हे त्याला माहीतच नव्हतं, आणि ते ऐकून तो घाबरला. “मी का गुन्हा केला मॅडम?” असं त्याने दोनदा विचारलं. पिपरघाटला मात्र तिच्याने जाववलं नाही. दोनदा ती पुलापर्यंत गेली आणि परतली. प्रेरणा समोर आली आणि तिने आपला आवाज ओळखला, तर पुढे काय बोलायचं, हे तिला सुचत नव्हतं.

फेब्रुवारीत नवी यादी तयार झाली. मार्चमध्ये कंत्राटाची एजन्सी बदलली आणि रविताचं नाव नव्या यादीत नव्हतं. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. सहा ऑपरेटर होते, चार ठेवायचे होते. तिने नवी फाइल डेस्कटॉपवर मोठ्या अक्षरात नाव देऊन ठेवली आणि साहेबांनाही सांगितलं. मे महिन्यात त्यांची बदली झाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती ऑफिसात गेली. तिच्या खुर्चीवर चेतना नावाची नवी मुलगी होती, हसरी, हाताने जलद. आराखडा गेला होता. रविताने प्रत मागून घेतली आणि उभ्या उभ्याच परिशिष्ट सात उघडलं. भुपेंद्र शेंडे, नऊ आकडे. गोंदियाहून मेलवर मागच्या वर्षीची फाइल आली होती, चेतनाने तीच घेतली होती. “कम्प्युटर फॉरमॅट केला ना ताई, व्हायरस आला होता,” ती म्हणाली. “साहेब म्हणाले, साल बदल.”

रविता तिथेच बाकावर बसली. शिपायाने पाणी आणून दिलं. थोड्या वेळाने तिने पिशवीतून स्वतःजवळची छापील यादी काढली, अर्ज लिहिला आणि आवक खिडकीवर दिला. शिक्का मिळाला. उत्तर आलं नाही. तिने दोनदा जाऊन विचारलं, तेव्हा ‘शुद्धिपत्रक काढावं लागेल, वरून मंजुरी लागते’ असं कळलं. नवे नायब तहसीलदार तीनच नव्हे, चार टेबलं सांभाळत होते.

आता ती गोंदियाजवळ फुलचूरला एका सेवा केंद्रात बसते, लोकांचे अर्ज भरते. यादीच्या झेरॉक्स काढून तिने मिळतील तेवढ्या पोलीस पाटलांना नेऊन दिल्या. काहींनी ठेवल्या. एकाने विचारलं, याच्यावर कोणाची सही आहे? कोणाची नाही म्हटल्यावर त्याने ती परत केली.

आणि ती पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी सगळे नंबर लावते. दुपारी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. लोक वैतागतात. “आता का पायजे तुमाले?” म्हणतात. ती म्हणते, काही नाही, नंबर चालू आहे का एवढंच. कोणी वारलेलं असतं, मग ती तारीख लिहून घेते आणि त्या घरात दुसरं कोण पोहतं ते विचारते. असं विचारणं बरं दिसत नाही हे तिला कळतं, तरी ती विचारते.

भुपेंद्र तिचा फोन उचलत नाही. हर्षा उचलते. रविता आपलं नाव सांगत नाही.

“आहेत,” हर्षा म्हणते. “घरीच आहेत.” आणि फोन ठेवून देते.